लाकडी फ्लोअरिंग कोणतं घ्यावं? सॅम्पल दाखवायच्या आधी विचारायचे सहा प्रश्न



या आठवड्याच्या व्हिडिओत मी लाकडी फ्लोअरिंगचे चार प्रकार काउंटरवर मांडून दाखवले. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यामुळे बरंच सांगायचं राहून गेलं. ते आज इथे सविस्तर लिहिते. स्वतःच्या घरासाठी फ्लोअरिंग निवडणाऱ्यांना याचा उपयोग होईलच. पण मी हे मुख्यतः लिहितेय ते प्लायवूड, हार्डवेअर किंवा इंटिरियरच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांसाठी. तुमचा धंदा मसाल्याचा असो किंवा मोबाइल रिपेअरिंगचा, तरी शेवटपर्यंत वाचा. यातली चूक कुठल्याही काउंटरवर होऊ शकते. माझ्याकडून झाली, आणि ती मला बरीच महाग पडली.

जुलैमधला तो फोन

माझं दुकान साताऱ्यात. वडिलांचं मूळ प्लायवूड-हार्डवेअरचं. बीबीए झाल्यावर मी दुकानात बसायला लागले आणि काही वर्षांनी फ्लोअरिंगचा वेगळा विभाग सुरू केला. भिंतीवर सॅम्पल बोर्ड, छान लाइट, कॅटलॉग, सगळं झकास. गिऱ्हाईक आलं की मी विचारायचे, "कोणता कलर बघताय?" हा माझा पहिला प्रश्न असायचा. बऱ्याचदा तोच शेवटचाही.

जुलै २०२२. सकाळी शटर वर करतेय तोच फोन. एक निवृत्त शिक्षक. मे महिन्यात त्यांच्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये आणि एका बेडरूममध्ये आम्ही ५४० स्क्वेअर फूट लॅमिनेट बसवलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, जरा येऊन बघता का? हॉलमध्ये चालताना पायाला काहीतरी लागतंय."

मी गेले. दारातूनच दिसलं. फळ्यांचे सांधे फुगून वर आले होते. मागच्या दाराजवळच्या कडा तर पाण्यात भिजलेल्या पाठ्यपुस्तकासारख्या झालेल्या. सर काही बोलले नाहीत. काकू मात्र पदराला हात पुसत म्हणाल्या, "आमचंच काही चुकलं का हो? आम्ही जास्त पुसलं का?"

त्यांनी रिटायरमेंटच्या पैशातून घर बांधलं होतं, आणि चूक माझी असताना माफी त्या मागत होत्या. मी तिथे काय केलं असेल? मी कंपनीला दोष दिला. म्हणाले, "माल खराब आला असेल, मी कंपनीशी बोलते." दुकानात येऊन वॉरंटी कार्ड काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की जमिनीतल्या ओलीमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. ते कार्ड मी त्याआधी कितीतरी गिऱ्हाइकांच्या हातात दिलं होतं. स्वतः वाचलं त्या दिवशी.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तळमजला. कोबा टाकला मार्चमध्ये. वास्तुशांत मे महिन्यात, म्हणून घाई. कोबा वरून कोरडा दिसत होता, आत ओल होती. फोमच्या खाली प्लास्टिक शीट घालायची असते, ती मिस्त्रींनी घातली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. मग पाऊस सुरू झाला. खालची ओल वर यायला लागली आणि लॅमिनेटने ती पिऊन घेतली.

मी स्वतः त्या घरी मोजमाप घ्यायला गेले होते. माझं लक्ष टेपवर होतं. जमिनीकडे मी बघितलंच नाही.

आजी-आजोबांना हे माहीत होतं

आपल्याकडचे जुने वाडे आठवा. तळमजल्यावर शेणाने सारवलेली जमीन किंवा दगडी फरशी. लाकूड कुठे? वर. माडीला, माळ्याला. खाली जमिनीची ओल आणि वाळवी, म्हणून लाकूड जमिनीपासून लांब. त्यांनी कुठला कोर्स केला नव्हता, पण लाकूड कुठे टिकतं आणि कुठे नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज आपण कॅटलॉगमधला फोटो बघतो. तो फोटो बऱ्याचदा थंड, कोरड्या देशातल्या घराचा असतो. आपल्याकडे कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवा पाण्याने जड झालेली असते आणि विदर्भात मे महिन्यात लाकूड तडकेल इतकी कोरडी. एकाच राज्यात इतका फरक. त्यामुळे "सगळ्यात चांगलं फ्लोअरिंग कोणतं?" या प्रश्नाला उत्तर नाही. "या घरात, या खोलीत कोणतं?" याला मात्र आहे.

चार प्रकार, सोप्या भाषेत

गिऱ्हाईक "वुडन फ्लोअरिंग" म्हणतं तेव्हा त्याच्या मनात या चारपैकी काहीही असू शकतं. त्यातले दोन खऱ्या लाकडाचे, एक लाकडाच्या भुशापासून बनलेला, आणि एकात लाकूड अजिबात नाही.

१. सॉलिड वुड. अख्खी फळी एकाच लाकडाची. जाडी साधारण १८ ते २० मिमी. सागवान, ओक वगैरे. ओरखडे पडले, जुनं झालं की घासून परत पॉलिश करता येतं, आणि हे अनेकदा करता येतं. नीट जपलं तर पुढच्या पिढीला पुरेल. पण लाकूड जिवंत असल्यासारखं वागतं. पावसाळ्यात हवेतली ओल घेऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आणि फुगतं ते मुख्यतः रुंदीच्या बाजूने, लांबीला फारसं नाही. म्हणून रुंद फळी जास्त त्रास देते. बसवायच्या आधी माल त्याच खोलीत काही दिवस ठेवून तिथल्या हवेची सवय होऊ द्यावी लागते.

सागवानाबद्दल एक गैरसमज. लोकांना वाटतं सागवान म्हणजे सगळ्यात कडक लाकूड. तसं नाही. लाकडाचा कडकपणा मोजायची जांका नावाची चाचणी आहे. तिच्यात सागवानाचा आकडा साधारण १,००० ते १,१५० च्या मध्ये येतो आणि व्हाइट ओकचा १,३५० च्या आसपास. म्हणजे ओक जास्त कडक. सागवानाची खरी ताकद वेगळी आहे. त्यात नैसर्गिक तेल असतं, ते कमी हलतं आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण हे गाभ्याबद्दल. बाहेरचं पांढरट लाकूड वाळवी आवडीने खाते. "सागवान आहे" एवढं ऐकून पैसे देऊ नका, फळीचा रंग बघा.

जुने वाडे पाडल्यावर निघालेलं सागवान घेऊन त्याच्या फळ्या काढणारेही आहेत. चांगला पर्याय आहे, कारण ते लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. फक्त आतले खिळे काढणं, रंधा मारणं, वाया जाणारा भाग, हे सगळं हिशोबात धरा.

२. इंजिनिअर्ड वुड. वर खऱ्या लाकडाचा थर, खाली प्लायवूड किंवा एचडीएफ. प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा असतो, म्हणून ते सॉलिडपेक्षा कमी फुगतं-आकसतं. पायाला स्पर्श खऱ्या लाकडाचा. इथे एकच आकडा विचारायचा: वरचा थर किती मिमीचा? ३ मिमी किंवा जास्त असेल तर पुढे एखाद-दोनदा घासून नवं करता येईल. थर कागदासारखा पातळ असेल तर घासायला गेलात की खालचं प्लाय दिसायला लागेल. दुकानात दोन्ही फळ्या वरून सारख्याच दिसतात. कड बघा. फरक कडेला कळतो.

३. लॅमिनेट. याचा गाभा एचडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली घट्ट पाटी. त्यावर लाकडाच्या डिझाइनचा छापील कागद, त्यावर ओरखडे न पडणारा पारदर्शक थर. जाडी बहुतेक वेळा ८ किंवा १२ मिमी. डिझाइन भरपूर, बसवायला झटपट, खिशाला परवडणारं. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात याची सुरुवात झाली, आणि १९९० च्या दशकात गोंदाशिवाय एकमेकांत अडकणारे क्लिक-लॉक सांधे आल्यावर ते जगभर पसरलं.

यात "एसी" रेटिंग असतं. एसी-३ घराच्या वापराला बरं, एसी-४ जास्त वर्दळीला. पण लक्षात घ्या, हे रेटिंग घासण्या-झिजण्याचं आहे, पाण्याचं नाही. माझ्या सरांच्या घरचं लॅमिनेट एसी-४ होतं. ओरखडा एक नव्हता. फुगलं मात्र सगळं. आणि एचडीएफ एकदा फुगलं की वाळल्यावर परत पहिल्यासारखं बसत नाही. तेवढ्या फळ्या बदलाव्याच लागतात.

४. एसपीसी. चुनखडीच्या दगडाची भुकटी आणि पीव्हीसी मिळून केलेली पाटी, वर लाकडाचं डिझाइन. जाडी ४ ते ६ मिमीच्या आसपास. पाण्याने फुगत नाही, वाळवीला खायला यात काही नाही. यात लाकूड नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. पायाला लाकडाची ऊब मिळत नाही आणि घासून नवं करता येत नाही. मोठ्या काचेतून दुपारचं कडक ऊन थेट पडत असेल तर तापून प्रसरण पावतं, तिथे पडदा किंवा दुसरा पर्याय सुचवा. इथे विचारायचा आकडा म्हणजे वरच्या संरक्षक थराची जाडी. ०.३ मिमी घराला चालतं, वर्दळीच्या जागी ०.५ मिमी घ्या.

आणखी एक. "वॉटरप्रूफ" शब्द ऐकून गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पाटी वॉटरप्रूफ आहे, पण सांध्यातून खाली गेलेलं पाणी खालीच राहतं, वास येतो, बुरशी धरते. भिंतीतली गळती फ्लोअरिंगने झाकली जाते, थांबत नाही.

आता ते सहा प्रश्न

सरांच्या घरून परत आल्यावर मी एक छापील कागद तयार केला. आमच्या दुकानात तो भरल्याशिवाय आता सॅम्पल दाखवत नाही. गिऱ्हाइकाला सुरुवातीला वाटतं ही बाई दवाखान्यासारखी चौकशी का करतेय. दोन मिनिटांनी त्याला आवडायला लागतं.

१. खोली कोणत्या मजल्यावर, आणि खाली काय आहे? तळमजला म्हणजे ओल आणि वाळवी या दोन्ही गोष्टी तपासायच्या. वरचा मजला, खाली दुसरी खोली, तर पर्याय वाढतात. खाली जुनी टाइल असेल तर ती न काढता त्यावरही लॅमिनेट किंवा एसपीसी बसतं, पण जमीन समतल हवी. दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर आधी लेव्हल करून घ्या. नाहीतर चालताना फळी खाली-वर होते आणि क्लिकचे सांधे तुटतात.

२. कोबा कधी टाकला? जुना ठोकताळा असा की काँक्रीट वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो, तोही हवा खेळती असेल तर. दिसण्यावर जाऊ नका. सोपी चाचणी करा: दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर ठेवा, चारही बाजू टेपने पक्क्या बंद करा, किमान १६ तास तसंच राहू द्या. मी तर पूर्ण दिवस ठेवते. काढल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला असेल, तर काम थांबवा. प्लास्टिक कोरडं निघालं म्हणजे शंभर टक्के खात्री असं नाही, म्हणून मोठ्या कामाला मॉइश्चर मीटर लावा. पण खर्च जवळजवळ शून्य असलेली ही चाचणी मी त्या मे महिन्यात केली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

३. पाणी कुठून येऊ शकतं? बाथरूमचा उंबरा, मागचं दार, खिडकीतून येणारा पाऊस, कुंड्या, देवघरातला अभिषेक, वॉशिंग मशीन. गिऱ्हाइकाबरोबर घरातून एक चक्कर मारा आणि प्रत्येक जागेवर बोट ठेवा.

४. घरात कोण आहे? लहान मुलं, कुत्रा, चाकाची खुर्ची घेऊन काम करणारा मुलगा, काठी टेकत चालणारे आजोबा. कुत्र्याच्या नखांनी मऊ लाकडावर रेघा पडतात. वयस्कर माणसांसाठी गुळगुळीत चकचकीत फिनिश नको. वरच्या मजल्यावर लॅमिनेट असेल तर पावलांचा टकटक आवाज खाली जातो, तिथे चांगला फोम लागतो.

५. किती वर्षांसाठी? स्वतःचं कायमचं घर, भाड्याचं घर, की होमस्टे? पाच वर्षांत बदलायचंच असेल तर सॉलिड वुड विकणं म्हणजे त्याचे पैसे जमिनीत पुरणं. तीस वर्षं राहायचं असेल तर पुन्हा पॉलिश होणारं लाकूड महाग वाटलं तरी विचारात घ्यावं.

६. पुसणार कोण आणि कसं? हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. आपल्याकडे बादली, फिनाईल आणि ओला पोछा. लाकूड आणि लॅमिनेट घट्ट पिळलेल्या कापडानेच पुसायचं असतं. आता बघा, फ्लोअरिंग निवडणार मालक, पण ते टिकवणार कामाला येणाऱ्या मावशी. त्यांना कुणीच काही सांगत नाही. आम्ही आता काम संपल्यावर मावशींना बोलावून पाच मिनिटं दाखवतो. आणि जिथे ओल्या पोछ्याशिवाय चालणारच नाही, तिथे लॅमिनेट देत नाही.

मोजमाप आणि लपलेले खर्च

एक उदाहरण घेऊ. खोली १४ फूट बाय १२ फूट. क्षेत्रफळ १६८ स्क्वेअर फूट. सरळ बसवणीत कापाकापीची ७ टक्के तूट धरली तर १६८ अधिक ११.७६, म्हणजे जवळजवळ १८०. एका बॉक्समध्ये समजा २० स्क्वेअर फूट माल असेल, तर ९ बॉक्स. मी गिऱ्हाइकाला एक बॉक्स जादा घेऊन माळ्यावर ठेवायला सांगते. दोन-तीन वर्षांनी एक फळी खराब झाली तर तेच डिझाइन बाजारात असेलच असं नाही. हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखं डिझाइन हवं असेल तर तूट १० ते १५ टक्के धरा.

आता लपलेले खर्च. ते कोटेशनमध्ये आधीच लिहा, नंतर सांगितलेत तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं:

- फोम आणि त्याखालची प्लास्टिक शीट
- स्कर्टिंग. या खोलीचा घेर ५२ फूट, दाराचे ३ फूट वजा, म्हणजे ४९ रनिंग फूट
- दारातली जोडपट्टी
- दारं खालून तासणं. जुन्या टाइलवर १२ मिमीची फळी आणि फोम आला की दार अडकतं
- लेव्हलिंग, वाहतूक, फर्निचर हलवण्याची मजुरी

भिंतीला लागून ८ ते १० मिमी फट सोडायची असते, कारण फ्लोअरिंगला फुगायला जागा हवी. ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. काही मिस्त्री सफाई दिसावी म्हणून भिंतीला घट्ट भिडवतात. मग पावसाळ्यात खोलीच्या मधोमध तंबू उभा राहतो. एकदा तरी स्वतः गुडघ्यावर बसून ही फट तपासा.

४५ हजार १२० रुपयांची शिकवणी

परत सरांकडे येते. वॉरंटी मिळणार नाही हे कळल्यावर माझ्यापुढे दोन रस्ते होते. कार्ड त्यांच्या हातात ठेवून "यात बसत नाही" म्हणायचं. कायद्याने कदाचित मी सुटलेही असते. दुसरा रस्ता, फ्लोअरिंग बदलून द्यायचं.

वडिलांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "त्यांनी फळी निवडली की तू सुचवलीस?"

मी सुचवली होती.

हिशोब असा झाला. मूळ कामात मला स्क्वेअर फुटाला २२ रुपये सुटले होते. ५४० गुणिले २२, म्हणजे ११,८८० रुपये. बदलून एसपीसी दिलं, ते माझ्या खरेदीदराने ८५ रुपयांप्रमाणे ४५,९००. बसवायची मजुरी १५ रुपयांप्रमाणे ८,१००. जुनं उचलणं आणि वाहतूक ३,०००. एकूण ५७,०००. त्यातून कमावलेले ११,८८० वजा केले तर निव्वळ तोटा ४५,१२०. दर त्या वेळचे आहेत, आजचे वेगळे असतील. दुकानाचा त्या महिन्याचा सगळा नफा त्यात गेला.

नव्या फ्लोअरिंगच्या आधी खालची जमीन उघडी ठेवून वाळू दिली, प्लास्टिक शीट घातली आणि मगच काम केलं. सर आणि काकू तेवढे दिवस एका खोलीत राहिले. या गोष्टीचा शेवट "मग सरांनी मला पन्नास गिऱ्हाइकं पाठवली" असा नाही. तसं काही झालं नाही. सर भेटले की हसून बोलतात, बस. पण त्या घरासमोरून जाताना मला मान खाली घालावी लागत नाही.

खरं शिकायला मिळालं ते दुसरंच. मी लॅमिनेट का सुचवलं होतं? कारण त्या महिन्यात माझ्या गोडाऊनमध्ये त्याच डिझाइनचा माल पडून होता आणि त्यावर मार्जिन बरं होतं. मी सरांना फसवायला बसले नव्हते. मला खरोखरच वाटत होतं की हेच त्यांना योग्य आहे. सावध व्हायचं ते इथे. ज्या मालात आपल्याला जास्त सुटतं, तोच माल गिऱ्हाइकाला योग्य आहे असं आपल्याला मनापासून वाटायला लागतं. बीबीएला गिऱ्हाइकाची गरज ओळखण्यावर दहा मार्कांचं उत्तर मी पाठ करून लिहिलं होतं. काउंटरवर बसल्यावर मात्र गोडाऊनची गरज ओळखली. कागदावरचे सहा प्रश्न म्हणूनच आहेत. ते जितके गिऱ्हाइकासाठी, तितकेच माझ्यावर लगाम म्हणून.

कागद कामाला आला तो दिवस

गेल्या वर्षी एक नवरा-बायको आले. वय तिशीच्या आत. महाबळेश्वरच्या बाजूला घरच्या जागेत होमस्टे काढत होते, बँकेचं कर्ज घेऊन. म्हणाले, "ताई, सगळीकडे खरं लाकूड पाहिजे. गेस्टला रिसॉर्टचा फील आला पाहिजे." इंजिनिअर्ड वुड, ७८० स्क्वेअर फूट. माझ्यासाठी त्या तिमाहीतली सगळ्यात मोठी ऑर्डर.

मी कागद काढला. पहिलाच प्रश्न: मजला? दोन खोल्या तळमजल्यावर, एक वर. पाणी? महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, आणि ट्रेकवरून आलेला पाहुणा ओल्या बुटांनी आत येतो. शिवाय ७८० मध्ये १२० फूट व्हरांडा होता. पुसणार कोण? गावातल्या एक मावशी, रोज, बादलीने.

मग आम्ही जागा वाटून टाकल्या. खालच्या दोन खोल्या, ३६० फूट, एसपीसी. वरची खोली, १८० फूट, इंजिनिअर्ड वुड, आणि ती खोली ते जास्त भाड्याने देणार. व्हरांड्याचे १२० आणि बाथरूमसमोरच्या पॅसेजचे १२० फूट साधी, न घसरणारी टाइल, जी माझ्याकडे मिळतच नाही. माझं बिल निम्म्याहून कमी झालं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री थोडं वाईट वाटलं. पण कर्जाचा हप्ता त्यांना भरायचा होता. पहिल्याच पावसाळ्यात दोन खोल्या बंद पडल्या असत्या तर तो कुठून भरला असता?

यंदा त्यांचा पहिला पावसाळा पार पडला. जुलै गेला, ऑगस्ट गेला, फोन आला नाही. सप्टेंबरमध्ये मीच केला. तिने उचलला, म्हणाली, "ताई, शनिवार-रविवार फुल आहे, नंतर बोलते," आणि ठेवून दिला.

तुमचा गृहपाठ

आता तुमच्या धंद्याकडे वळा. एक कोरा कागद घ्या.

वर लिहा: माझा माल कुठे फेल जातो? कोणत्या घरात, कोणत्या हवेत, कोणाच्या हातात? ज्याला आपल्या मालाची कमजोरी पाच ओळीत लिहिता येत नाही, त्याने अजून माल नीट ओळखलेला नाही.

खाली लिहा: ते फेल जाणं विकण्याआधी ओळखायला मला कोणते प्रश्न विचारावे लागतील? जास्तीत जास्त सहा. गिऱ्हाईक उभं असतं, त्याला वेळ नसतो.

शेवटी लिहा: कोणत्या उत्तरावर मी "हे तुम्ही घेऊ नका" म्हणेन? ही ओळ रिकामी राहिली तर वरचे प्रश्न नुसते शोभेचे.

आणि तुमच्या मालाबरोबर जे वॉरंटी कार्ड येतं, ते आज रात्री पूर्ण वाचा. बारीक अक्षरातलंसुद्धा. मी ते फुगलेलं फ्लोअरिंग बघून आल्यावर वाचलं होतं.

पुढच्या आठवड्यात बोलू कोटेशन कसं लिहायचं यावर, म्हणजे नंतर भांडण होणार नाही असं. तोपर्यंत कागद भरून ठेवा. भेटूया!